एकतीस नंबरची पेशंट

मी शास्त्रज्ञांचे शोधनिबंध तपासते, पडेगावच्या आमच्या घरात बसून. भागूआत्याला वाटतं मी स्पेलिंगं बघते. वाटू दे. खरं तर मी पगार घेऊन संशय घेते. सारांशात साठ पेशंट म्हटलंय, मग तक्त्याची बेरीज साठच येते का? मिलिग्रॅमचं मधेच ग्रॅम झालं नाही ना? नियम एकच. लेखकाच्या आकड्याला आपण हात लावायचा नाही, समासात प्रश्न लिहायचा आणि उत्तराची वाट बघायची.

आई गेल्यावर मी सुट्टी घेतली नाही. सगळे म्हणाले, सरिता लई घट्ट मनाची. घट्ट कसली! आत काही हलतच नव्हतं, तर म्हटलं हात तरी चालू राहू देत.

मग मूत्रपिंडाच्या एका औषधाचा निबंध आला. लेखक होते आईचे डॉक्टर. ओळखीच्या माणसाची फाइल परत करायची असते. मी केली नाही. चहा घेतला आणि तपासायला बसले.

बेरीज बरोबर होती. औषध पूर्ण घेतलेले चोपन्न, मृत दोन, संपर्क तुटलेले चार. त्या चौघांचे नंबर खाली दिले होते आणि त्यात एकतीस होता. आई याच औषधाच्या चाचणीत होती, आणि हा नंबर मी दर महिन्याला हॉस्पिटलच्या काउंटरवर सांगायचे. आईला तो पाठ होता, पण लेकीनं सांगितलेला तिला आवडायचा. एकतीस म्हणजे मुक्ताबाई, माझी आई. पुढं कारण लिहिलं होतं: फोन बंद.

राग यायला हवा होता. आला नाही. एवढंच वाटलं, की बेरीज बरोबर आहे आणि आई चुकीच्या ओळीत आहे. मेली आहे ती, तर निदान मेलेल्यांत तरी मोजा तिला.

फाइलमधलं बाहेर बोलणार नाही, असं मी कंपनीला लिहून दिलेलं. डॉक्टरांना फोन करायची सोय नव्हती. मी समासात लिहिलं, "संपर्क तुटलेल्या चौघांना पुन्हा एकदा फोन करून पाहावा." फाइल लेखकाकडं पाठवली आणि वडलांच्या, अण्णांच्या, खोलीत गेले. आईचा फोन कपाटात होता, तिच्या पांढऱ्या साडीच्या घडीत.

"अण्णा, आईचा फोन चालू करा."

"कशाला? वाजला की वाटतं, ती उचलंल. म्हणून तर बंद केलाय म्या."

"हॉस्पिटलातून येईल. त्यांना माहीतच नाय."

"काय माहीत नाय?"

"ती गेलेली."

"मग सांगावं लागंल," अण्णा म्हणाले आणि चार्जर शोधायला उठले. फोन चालू झाला तेव्हा कळलं, त्यांनी त्याचा रिचार्ज एकदाही चुकवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो वाजला. अण्णांनीच उचलला.

"जयभीम. नाय, मी साहेबराव, तिचा नवरा. नाय ताई, ती येणार नाय आता. वारली."

हा शब्द आमच्या घरात तोवर कुणी उच्चारला नव्हता. आम्ही 'गेली' म्हणायचो, भाजी आणायला गेल्यासारखं. अण्णांनी तारीख सांगितली आणि पलीकडची बाई लिहून घेत होती म्हणून परत एकदा सांगितली. माझ्या डोळ्यांत तेव्हाही पाणी नव्हतं.

आठवड्यानं फाइल परत आली. तक्त्यात मृत तीन, संपर्क तुटलेले तीन. समासात उत्तर होतं: "धन्यवाद, दुरुस्ती केली." पण लेखकमंडळींची नेहमीची खोड, बदल एकाच जागी करायचा. सारांशात मृत दोनच होते, निकालांत दोन आणि आलेखाखालीही दोन. लेखकानं मान्य केलेला आकडा सगळीकडं सारखा करायचा, हे मात्र माझंच काम.

सारांशात दोनाचे तीन केले. निकालांत केले. आलेखाखाली करायला गेले तर आकडा दिसेना. चष्मा पुसला, तरी दिसेना.

"सरे, झालं का गं काम?" अण्णांनी आतून विचारलं.

"एक जागा राहिलीय, अण्णा," मी म्हणाले आणि हमसून हमसून रडायला लागले.