मधलं फाटक

मेरिनला धनुष्य ताणता येत होतं, नेम धरता येत होता. वीस पावलांवर गवताच्या गठ्ठ्याला लावलेली ताटली तिने सहा महिन्यांत चाळणी करून टाकली होती! नव्हती फक्त शिकारीला जागा. कनमुल्ला गावाभोवती नजर पोचेल तिथवर जमीनच जमीन आणि रानबकऱ्यांचे कळपच्या कळप. पण प्रत्येक जमिनीला मालक, आणि प्रत्येक मालकाला "नाही" म्हणायला तोंड. तीन दारं झाली होती. पहिल्याने भिंतीवर टांगलेला बाण दाखवला, कुणा हौशी शिकाऱ्याने त्याच्या मेंढीत घुसवलेला. दुसऱ्याने कुत्री दाखवली. तिसरीने आधी बिस्किटं दिली आणि मग नाही म्हटलं.

चौथ्या दाराला कॉरीआत्याने गाडी रस्त्यावरच थांबवली.

"इथून तू चालत जा. आणि धनुष्य राहू दे इथेच. दारात हत्यार नेलंस तर मागणं नाही, दरोडा वाटेल."

"तू पण चल ना गं!"

"मी कशाला? शिकार कुणाला करायचीय? आणि हे शेवटचं हं. यापुढे तुझ्यापायी पेट्रोल जाळणार नाही मी."

मेरिन निघाली. अर्ध्या वाटेवर मधलं फाटक सताड उघडं! कुणीतरी विसरलं वाटतं. छाप पाडायची याहून चांगली संधी कुठली? तिने ते गंजकं धूड ओढत आणून लावलं, साखळी अडकवली आणि शीळ घालत पुढे गेली.

जमिनीच्या मालकीण क्वेनेलबाई ओसरीवर पंपाचं वायसर बदलत बसल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर, मनगटं मात्र सुताराची.

"धनुष्याने बकऱ्या मारणार? आजवर किती मारल्यास?"

"एकही नाही. खोटं कशाला सांगू!"

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. "बरं. येताना मधलं फाटक कसं होतं?"

"उघडंच पडलं होतं! मी लावून टाकलं. साखळीसकट."

वायसर हातातच थांबलं. बाईंनी टोपी घातली. "पोरी, बेचाळीस डिग्री ऊन आहे. मेंढ्या फाटकाच्या त्या बाजूला, पाणी या बाजूला. चल."

फाटक जसं दिसेल तसंच ठेवायचं. इथलं शेंबडं पोरही हे जाणतं. मेरिनलाही ठाऊक होतं. फक्त शहाणपणा करण्याच्या नादात ते डोक्यातून पार उडालं होतं. तिचे कान तापले.

फाटकापाशी दोनेकशे मेंढ्या तारेला भिडून ओरडत होत्या, पायांत कोकरं. मेरिन साखळीकडे धावली.

"थांब! एकदम उघडलंस तर कोकरं तुडवली जातील."

आणि मग बाईंनी जे केलं ते मेरिन डोळे फाडून पाहतच राहिली. कुत्रा नाही, आरडाओरडा नाही. तारेतून वाकून त्या पलीकडे गेल्या आणि मेंढ्यांकडे न बघता, जणू भलत्याच कामाला निघाल्यात अशा, कडेकडेने चालू लागल्या. एकदाच जीभ टाळूला लावून टक् केलं. गर्दी सैल झाली, चार पावलं मागे सरली. मग त्यांनी फाटक माणसाएवढं उघडलं, थोड्या वेळाने आणखी थोडं. मेंढ्या एकेक करून पाण्याकडे गेल्या. एकही कोकरू दबलं नाही. काय बाई होती!

सगळ्या पाण्याला लागल्यावर मेरिन म्हणाली, "चुकलं माझं. शिकारीचं सोडा आता. पण मेंढ्यांच्या पाण्याच्या कुंडीत शेवाळ झालंय. शनिवारी येऊन घासून देऊ का? आत्या नाही आली तर सायकलने येईन."

"चाळीस किलोमीटर?"

"पहाटे निघेन."

बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग कुंडीच्या कडेच्या चिखलात काठी टेकवली. "हा खूर बघ. टोकदार, मिटलेला. हा मेंढीचा. आणि हा?"

"पुढे फाकलाय!"

"बकरा. आज पहाटेचा. त्या टेकाडावरून उतरतात, रोज. वारा पश्चिमेचा असतो, म्हणून त्या पडलेल्या झाडाआड बसायचं. तोंडावर वारा घेऊन. अख्खा परगणा पालथा घालत होतीस ना जागेसाठी? जागा पाण्यापाशी असते, पोरी."

मेरिन चिखलात उकिडवी बसून दोन्ही खुरांवरून बोट फिरवू लागली.

"शनिवारी ब्रश आण. आधी कुंडी." बाई घराकडे वळल्या. "आणि ते धनुष्यही आण."

शनिवारी मेरिन रस्त्यावर सायकल ठेवून, खांद्याला धनुष्य आणि हातात तारेचा ब्रश घेऊन चालत आली. खिशात मागच्या वेळी निघताना बाईंनी लिहून दिलेली परवानगीची चिठ्ठी होती: मेरिन ट्रँटर, कुंडीची बाजू, फक्त बकऱ्या.

मधलं फाटक सताड उघडं होतं. तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले आणि त्याला बोटही न लावता आत गेली.