मानोंग कार्पोची प्रकृती

मानोंग कार्पो मरू नये म्हणून आमच्या घराने तेवीस वर्षं मेणबत्त्या जाळल्या.

कार्पो माझा थोरला भाऊ. थोरल्याला आम्ही फिलिपिन्समधल्या इलोकोसची माणसं मानोंग म्हणतो आणि थोरलीला मानांग. तो हवाईला गेला, अमेरिकेचा नागरिक झाला आणि आमचा धाकटा भाऊ दामियान याला कायमचं तिकडे नेण्यासाठी त्याने अर्ज घातला. भावाने भावासाठी घातलेल्या अर्जाची रांग इतकी लांब असते की उभं राहता राहता केस पिकतात. त्यात त्या अर्जाची एक खोड आमच्या सगळ्या गावाला पाठ आहे. अर्ज घालणारा मेला, की अर्जही त्याच्याबरोबर शवपेटीत जातो. त्यामुळे दामियान आणि त्याची बायको ग्लोरिफे यांचं मानोंगवर जेवढं प्रेम होतं, तेवढं मी नवराबायकोतही पाहिलं नाही.

माझ्यासाठी अर्ज नव्हता. "आईजवळ कुणीतरी हवं ना, पुरिंग?" असं मानोंग तेव्हा म्हणाला होता. आई गेल्यावर तो विषय पुन्हा कुणी काढला नाही, मीही नाही. सकाळची प्रार्थना, संध्याकाळची जपमाळ, शुक्रवारचा उपास हे सगळं मला इथेच करता येत होतं.

मानोंगने हवाईत एका हॉटेलाच्या चादरी धुतल्या. गावात मात्र तो हॉटेलाच्या मालकासारखा चालायचा. दर दोन वर्षांनी जत्रेला यायचा, दामियानच्या व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायचा आणि पाय पुढे करायचा. ग्लोरिफे पाय चेपायची. तिचा हात जरा हलका पडला, की हा छताकडे बघून म्हणायचा, "अर्ज मागे घ्यायला म्हणे एक चिठ्ठी पुरते." लगेच हात जड व्हायचा.

छताकडे बघण्यासारखंही काही नव्हतं. पत्रा गंजून भोकं पडली होती. दामियानने तेवीस वर्षांत ना पत्रा बदलला, ना शेतात लसूण लावला. विचारलं तर म्हणायचा, "जायचंच आहे ना, मानांग. आता कशाला?" जायचंय म्हणून बसून राहिलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

जेवणाच्या वेळी तर बघायलाच नको. आमच्याकडे जत्रेला डुकराचं मांस दोनदा तळतात, कातडी पापडासारखी फुटेपर्यंत. मानोंगचा हात तिकडे वळला, की ग्लोरिफे किंचाळायची.

"हात मागे! रक्तदाब!"

"अगं, एवढासा तुकडा."

"एवढासाही नाही. तुम्हाला काही झालं तर आम्ही कुणाकडे बघायचं? घ्या, शेवग्याचा पाला उकडलाय."

मानोंग पाला चघळत सुखावून माझ्याकडे बघायचा. "बघ पुरिंग. हवाईत माझी पोटची पोरंसुद्धा इतकं जपत नाहीत."

"त्यांची कागदपत्रं जन्मतःच झालीत, मानोंग," मी म्हणायचे. त्याला ते कळत नसे. किंवा कळून घ्यायचं नसे.

यंदा एकदाचा मनिलाहून दोघांच्या पासपोर्टवर शिक्का आला. जत्रा झाली की पुढच्या आठवड्यात निघायचं ठरलं. त्यांना घेऊन जायला मानोंग स्वतः आला.

जत्रेच्या दुपारी पंगत बसली. तळलेल्या मांसाचं ताट फिरत फिरत मानोंगपाशी आलं. त्याने सवयीने हात पुढे केला आणि सवयीने थांबवला. किंचाळी आलीच नाही. ग्लोरिफे शेजारणीला नवी बॅग दाखवत होती.

"रक्तदाब..." मानोंग आपणच म्हणाला.

"अहो, एका दिवसाने काय होतंय!" ग्लोरिफे मान न वळवता म्हणाली. "खा की!"

दामियानने उसाच्या दारूचा पेला त्याच्यापुढे काठोकाठ भरला. मी ताट उचलायला गेले, तर मलाच म्हणाला, "मानांग, तुझे उपास तुझ्यापाशी."

मानोंगने खाल्लं. पुन्हा वाढून घेतलं. दर घासाला तो ग्लोरिफेकडे बघत होता. दिवेलागण झाली तरी ज्याला कुणी घरी हाक मारत नाही अशा पोरासारखा तो खात होता. तरी मला त्याची कीव आली नाही. शहाणा माणूस ताट सरकवून उठला असता.

दोन दिवसांनी तो न्हाणीत पडला. तोंड वाकडं झालं, उजवा हात गेला. लाओआगच्या इस्पितळात त्याला काचेच्या खोलीत ठेवलं. बाहेर बाकावर ग्लोरिफेने डोळे पुसत तिकीटवाल्या बाईला फोन लावला.

"तारीख पुढे ढकलायची होती. दीर आजारी आहेत. असं टाकून गेलं तर लोक काय म्हणतील?"

तिकीटवालीचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. "दीर म्हणजे? अर्ज घातला तेच? मग पुढे काय ढकलताय, बाई! तुम्ही तिथे उतरायच्या आत ते गेले, तर शिक्का फुकट. दारातूनच परत पाठवतील."

ग्लोरिफेचे डोळे तिथल्या तिथे सुकले. "उद्याचं आहे का?"

होतं. जास्तीचे पैसे द्यायला कुणी खळखळ केली नाही.

मग ती माझ्याजवळ सरकली. "मानांग, तुमचं माऊली ऐकते. नोवेनाची प्रार्थना धरा."

"ती नऊ दिवसांची असते."

"नऊ कशाला? मंगळवारी सकाळी आम्ही उतरतोय. तोवर झालं की पुरे." मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. "म्हणजे, पुढे देवाची इच्छा."

दामियान आत जाऊन मानोंगच्या कानाशी वाकला. "मानोंग, दम धरा हं. मंगळवारपर्यंत."

मी नऊही दिवस केले. माऊलीला वार सांगितला नाही.

मंगळवारी दामियानचा फोन आला. "उतरलो, मानांग! सोडलं आत! मानोंगच्या घराची किल्ली शेजारणीकडेच असते ना?" मी हो म्हटलं. दोन दिवसांनी ग्लोरिफेचा फोन आला. गरम पाण्याचा नळ कुठला, हे मानोंगला विचारून सांगायचं होतं. म्हणजे तो बोलू शकतो का, हेही तिला ठाऊक नव्हतं.

तो जगला. हवाईहून त्याच्या मुलीने कळवलं, सुट्टी मिळाली की येते. तोवर मी त्याला माझ्या घरी आणलं. शब्द ओढून ओढून यायचा, पण यायचा.

एका सकाळी मी त्याला तांदळाची पेज भरवत होते. तो बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पुरिंग... तुझ्यासाठी... अर्ज घालू?"

मी सहासष्टची. तो चौऱ्याहत्तरचा, उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. त्या हाताने तो सही करणार होता. आणि माझ्या चेहऱ्यावर तो काहीतरी शोधत होता. तेवीस वर्षं दामियानच्या घरात ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर जे बघायची त्याला सवय लागली होती, ते.

"तोंड उघड," मी म्हटलं.

"अर्ज..."

"मला कुठे जायचं नाही, मानोंग. तोंड उघड, पेज निवतेय."

त्याने तोंड उघडलं, चमचाभर पेज गिळली. ओठाच्या कडेने ओघळलेली मी पुसली.

"विचार कर," तो म्हणाला. "रांग... लांब आहे."