होग्लाचा उजवा कान

वेढा पडून दहा महिने झाले तेव्हा यरुशलेमेत देवाची आठवण न झालेला माणूस उरला नव्हता. आमच्या रोटीवाल्यांच्या आळीत असे लोक होते की मंदिरात बळी द्यायला नेमकं लंगडं कोकरू शोधून न्यायचे. तेही आता पश्चात्तापाने डोक्यात राख घालून फिरू लागले. मी त्यांतलाच. शिवाय भट्टी माझी, राख घरची.

त्याच दिवसांत राजाने दवंडी पिटली, की प्रत्येकाने आपल्या घरचे इब्री, म्हणजे आपल्याच रक्ताचे, दास-दासी मोकळे करावेत. नियम जुनाच होता. सहा वर्षं राबवायचं, सातव्या वर्षी सोडायचं. पण आमच्या शहरात सातवं वर्ष उजाडतच नसे. सहाव्यानंतर पुन्हा सहावंच. माझ्या घरची होग्ला नऊ वर्षं जात्यावर होती. बाप मिस्पाकडचा, दुष्काळात तिला माझ्या दारात बसवून गेला होता. हाताने चपळ, तोंडाने त्याहून. माझी भाकर फुगली की म्हणायची, "धनी, ही तुमच्यासारखी झाली, वरून भरलेली."

मंदिराच्या अंगणात एक वासरू उभं चिरलं, दोन अर्धे समोरासमोर ठेवले आणि आम्ही घरमालक एकेक करून मधून चालत गेलो. शब्द मोडला तर आमचंही असंच होवो, असा त्याचा अर्थ. माझ्या पुढे शेजारी पेलत्या होता, झग्याला रक्त लागू नये म्हणून तो दोन्ही हातांनी वर धरून. हा तेलाचा व्यापारी. उरलेल्या वेळात वेशीवर बसून लोकांच्या व्यवहारांना साक्षीदार राहायचा. मागे वळून मला हळूच म्हणाला, "हाशव्या, पुण्य लागलं आणि खाणारं एक तोंडही कमी झालं." मी त्याला गप्प केलं. पण घरी तिघं माणसं आणि पीठ दोघांपुरतं, हा हिशेब मी तिथे येतानाच केला होता.

एलासा नावाचा एक संदेष्टा होता, लिब्न्याचा. वर्षानुवर्षं वेशीवर उभा राहून आमचे वाभाडे काढायचा. त्या दिवशी तो पायरीवर बसून होता आणि रडत होता. मी जवळून गेलो तेव्हा त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. संदेष्ट्याने माझी पाठ थोपटली ती तेवढीच. घरी होग्लाने जातं पुसलं, त्याचा खुंटा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "सांभाळा आता." खालच्या कुंभारवाड्यात एका विधवेकडे ती राहायला गेली.

पुढे दीड महिन्याने दक्षिणेकडून मिसरचं सैन्य आमच्या मदतीला निघाल्याची खबर आली आणि वेढा घालून बसलेल्या बाबेलच्या खास्दी लोकांनी एका दिवसात तळ उठवला. वेशी उघडल्या. खेड्यांतून जव आलं, अंजिरांच्या वड्या आल्या, आणि लोकांच्या डोक्यातली राख धुऊन गेली. भट्टीपुढे रांग लागली. दळायला मात्र कोणी नव्हतं. माझी बायको यदीदा दोन दिवस जात्यावर बसली, तिसऱ्या दिवशी तिची मनगटं सुजून घागरीच्या कानांसारखी झाली. पेलत्याने तोवर आपले चौघे परत धरून आणले होते. राजा काही म्हणणार नाही का, असं मी विचारलं. तर तो म्हणाला, राजवाड्यातले दासच सगळ्यांच्या आधी परत कामाला लागलेत.

होग्ला त्या सकाळी मिस्पाला निघणार होती, आणखी काही बायकांबरोबर. मी बन्यामीन वेशीवर गेलो तेव्हा बाकीच्या पुढे निघून गेल्या होत्या. ती चांभाराच्या दुकानापुढे गाठोड्यावर बसली होती. एका वहाणेचा पट्टा शिवून व्हायचा होता.

इतरांनी आपल्या माणसांना केसांना धरून ओढत नेलं होतं. मी तसा नाही. मी तिच्या शेजारी बसलो. रस्त्यावर पळपुटे शिपाई फिरताहेत म्हटलं. बाईंचे हात गेलेत म्हटलं. कापणी होईपर्यंत थांब म्हटलं.

"कुठली कापणी, धनी?" ती म्हणाली.

मग तिनेच विचारलं, "बाईंचं खरं आहे का?"

"येऊन बघ."

ते खरं होतं, आणि तेच वाईट झालं. खोटं असतं तर ती दारातूनच मागे फिरली असती. तिने यदीदाची मनगटं पाहिली, तेल गरम केलं, चोळलं आणि जात्याचा खुंटा मागितला. जोडीची दुसरी वहाण तिच्या गाठोड्यातच राहिली.

तरी वासरू माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. तोड पेलत्याने सांगितली. दासी आपल्या खुशीने राहिली तर शब्द कुठे मोडला? त्यालाही नियम आहे. तिने साक्षीदारासमोर तसं बोलायचं, मग दाराच्या चौकटीला कान टेकवून धन्याने टोच्याने भोक पाडायचं, की ती जन्माची त्या घरची झाली. मी होग्लाला सांगितलं की हा नुसता उपचार आहे, म्हणजे दुसरं कोणी तुला ओढून नेणार नाही. ती माझ्याकडे न बघता बोलली, जात्याकडे बघून. "मला हे घर सोडायचं नाही." शेर मोजावे तशा आवाजात. पेलत्याने साक्ष केली. मी टोचा मारला.

एलासा रस्त्याने चालला होता. चौकटीवरचं रक्त बघून थांबला. मला वाटलं आता ओरडेल, शाप देईल. त्याने तसं काही केलं नाही.

"हाशव्या," तो म्हणाला, "वासराला निदान कोणी बोलायला लावलं नव्हतं."

मिसरचं सैन्य आलं तसं परत गेलं आणि खास्दी पुन्हा भिंतीपाशी बसले. दुसऱ्या वेढ्यात यदीदा गेली. शेवटचा घास होग्लाने तिला भरवला, तो तिच्या स्वतःच्या वाट्याचा होता. पेलत्या एका पहाटे तटावरून दोर टाकून उतरला आणि शत्रूला जाऊन मिळाला. मग भिंत पडली, भट्टी पडली, मंदिरही.

आम्हा उरलेल्यांना शेतात बसवून खास्दी अधिकाऱ्याने निवड सुरू केली. ज्याला घर होतं, हुन्नर होता, तो घरच्या माणसांसकट बाबेलला जाणार. ज्याचं काहीच नव्हतं त्याने इथेच राहायचं. जमीन पडीक राहू नये म्हणून त्याला द्राक्षमळा आणि शेत मिळणार. काल भीक मागणारी माणसं मळ्यांच्या ओळी बोटांवर मोजत होती. खेड्यांतून गोळा करून आणलेल्या मिस्पाकडच्या तीन बायका त्यांत होत्या, त्याच, त्या सकाळी पुढे गेलेल्या.

अधिकाऱ्याशेजारी दुभाषी म्हणून पेलत्या होता. मी रोटीवाला म्हणून सांगितलं. मग बोट होग्लाकडे गेलं. ही कोणाची?

"कोणाची नाही," मी म्हणालो. "हिचं काही नाही. हिला इथेच ठेवा."

पेलत्याने एका बोटाने तिच्या डोक्यावरचं फडकं मागे सारून उजव्या कानाचं भोक दाखवलं. "साक्ष माझीच आहे, हाशव्या," तो म्हणाला. त्यात आकस नव्हता. स्वतः दिलेली साक्ष खोटी पडू देणारा तो माणूस नव्हता. होग्लाला माझ्या रांगेत उभं केलं.

आता बाबेलात कबार कालव्याकाठी माझी बेताची भट्टी आहे. इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी मी वडीलधाऱ्यांना बोलावून तिला मोकळी केली. त्यांनी माना डोलावल्या. ती म्हणाली, "जाऊ कुठे ते पण ठरवून टाका." ती पलीकडे राहते, स्वतःचं दळते, मला पीठ विकते आणि माप चोख घालते. द्राक्षं पिकायच्या महिन्यात त्या बाजूचा कोणी वाटसरू आला की मिस्पाच्या मळ्यांची चौकशी करते.

मला तिने कधी बोल लावला नाही. चांभाराला मात्र अजून शिव्या घालते. एका पट्ट्याला दोन घटका लावल्यान मेल्याने, म्हणते, तेवढा वेळ नसता गेला तर मी वेशीबाहेर असते. मी मान डोलावतो. वहाण तिथे टाकल्याचं मला आदल्या दिवशीच कळलं होतं. उजाडता उजाडता मी त्याच्या दुकानी गेलो होतो, दोन गरम भाकरी घेऊन. सावकाश शीव, एवढंच म्हणालो होतो.