नऊ गोळ्यांचा डोंगा

श्यामलाल वारला त्याला अकरा वर्षं झाली होती. त्र्याऐंशी सालच्या कार्तिकात तो सकाळी आठच्या सुमारास डोंग्यात बसून तलावावर येऊ लागला.

तो फक्त रेवताबाईला दिसे. गाव भंडाऱ्याकडच्या अड्याळपासून दीड कोसावर. गावाच्या उगवतीला तलाव, आणि तलावाच्या पारीखाली, म्हणजे बांधाखाली, मासे धरणाऱ्या ढिवरांची चौदा घरं. शिंगाड्याचा हंगाम होता. पाण्यावर वेल अंथरलेले, वेलांवर धुकं. त्या धुक्यात आधी बांबू दिसे, मग बांबू धरलेले हात, मग एका झाडातून कोरलेल्या डोंग्याचं काळं टोक. डोंगा थेट वेलांवरून येई आणि वेल मात्र हलत नसत. पारीपासून दहा हातांवर तो थांबे. श्यामलाल तिच्याकडे बघे, ती त्याच्याकडे बघे. ऊन चढलं की डोंगा आल्या वाटेनं परत जाई.

रेवताबाईला भीती वाटली नाही. तिचं सत्तरावं चालू होतं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच तिचं पोट दुखत नव्हतं. दुखणं थांबलं आणि माणूस परत आला. देवानं दोन्ही दानं एकदमच पदरात टाकली, असं ती धरून चालली.

दोन वर्षं फार वाईट गेली होती. बरगड्यांच्या खाली, बरोबर मध्यभागी, उपाशीपोटी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. आडवं झालं की घशाशी आंबट पाणी. तिनं खायचा सोडा घेतला, ओवा घेतला. त्यातच जन्मभर पाण्यात उभं राहून गुडघे गेलेले; त्यासाठी बाजारातली दुखण्याची पुडी ती रोज दोनदा घ्यायची, तीही उपाशीपोटी. दिवाळीआधी तिला काळपट उलटी झाली, तेव्हा मुलगा सुखराम तिला भंडाऱ्याला घेऊन गेला. तिथल्या एका डॉक्टरनं पांढरा घोळ पाजून पोटाचा फोटो काढला आणि आतड्याच्या तोंडाशी जखम आहे म्हणून सांगितलं. नवी गोळी आली होती, पोटात आम्लच कमी तयार होऊ देणारी. सिमेटिडीन तिचं नाव. महिन्याच्या दीडशे गोळ्या एका खोक्यात भरून मिळाल्या.

डॉक्टरनं दोन गोष्टी सांगितल्या. एक, पोट रिकामं ठेवायचं नाही, थोडं थोडं पण पुष्कळदा खायचं. दुसरी, प्रत्येक जेवणासोबत एक गोळी आणि झोपताना दोन.

दोन्ही गोष्टी सुखरामची बायको शकुन हिनं मनावर घेतल्या. ती चौथी शिकलेली, आणि सासूवर तिचा जीव. त्या घरात जुना दंडक होता: चुलीवरून उतरलं ते जेवण, मग ते ओंजळभर का असेना. उजाडता पेज, मग उकडलेले शिंगाडे, दुपारी भात, उन्हं कलल्यावर पुन्हा शिंगाडे. असं करत दिवसाला सात जेवणं झाली. सातांच्या सात गोळ्या शकुन सकाळीच सासूच्या पदराला बांधून द्यायची, झोपतानाच्या दोन हातावर ठेवायची. दिवसाच्या नऊ झाल्या. घरात कोणाला काही वावगं वाटलं नाही. दोन्ही आज्ञा पाळल्या जात होत्या आणि पोट खरंच शांत होतं.

श्यामलाल आला तो नवव्या दिवशी.

तेव्हापासून रेवताबाई चुलीजवळ बसल्या बसल्या पेंगू लागली. चहात मीठ घातलं. विहिरीवरून येताना आपलंच दार चुकली आणि शेजारच्या ओसरीवर जाऊन बसली.

"माय, तू पारीवर कोनासंगं बोलून राहिली?" सुखरामनं विचारलं.

"बोलून कुठं? पाहून राहिली."

"कोनाले?"

"तुह्या बापाले."

सुखरामनं तो विषय तिथंच सोडला. पण ढिवरांच्या घरात झालेलं बोलणं संध्याकाळपर्यंत गावात पोचतंच. दुसऱ्या दिवशी गोदावरीबाई आली. ती गावातल्या धानवाल्या शेतकऱ्याची बायको. एरवी ती पारीखाली उतरायची नाही. हातात नारळ होता.

"रेवताबाई, माही म्हैस काल सांजपासून नाई. तुमाले दिसते म्हनतेत. सांगा न कुठं आहे?"

रेवताबाई पाण्याकडे बघत होती. "पान्यात उभी आहे," ती हळूच म्हणाली. "मानेवरी पान्यात."

म्हैस दुपारी सापडली. पलीकडच्या बोडीत, त्या लहान तळ्यात, मानेपर्यंत बुडून रवंथ करत होती.

"म्हैस पान्यात नाई, तं काय झाडावर बसन?" सुखराम ओरडला. पण कोणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. पुढच्या दिवशी तीन नारळ आले, आणि कुणी तरी रेवताबाईच्या कपाळाला हळद लावून गेलं. अंगात आलं म्हणत होते. रेवताबाईनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तिचं सगळं लक्ष सकाळच्या आठाकडे असे.

गोळ्या सुरू झाल्यापासूनच्या सतराव्या सकाळी डोंगा थांबला नाही. दहा हातांवर येऊन तो वळला, आणि श्यामलालनं हातानं ये म्हटलं.

रेवताबाई पारीवरून उतरली. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. शिंगाड्याचे काटे पोटरीला लागले ते तिला दुसऱ्याच कोणाला लागल्यासारखे वाटले. गुडघेही दुखेनात. पाणी कोमट होतं, धुकं पांढरं होतं आणि डोंगा वेल न हलवता पुढे चालला होता. पाणी छातीला आलं. तेवढ्यात मागून कोणी तरी तिचा दंड धरला.

"आत्या! कुठं चालल्या?" शकुन स्वतः कमरेवर पाण्यात होती आणि थरथरत होती.

"त्यानं बलावलं."

"आवाज देल्ला?"

"नाई. हातानं."

शकुननं तिला घरी आणलं. त्या सकाळी शकुनच्या आधी रेवताबाईनं स्वतःच खोक्यातल्या शेवटच्या सहा गोळ्या पदराला बांधल्या होत्या. ओल्या गाठीतून तिनं त्या मुठीत घेतल्या आणि कोरड्या लुगड्याच्या पदराला गुपचूप बांधल्या. शकुननं सकाळच्या गोळ्यांसाठी खोका उघडला. तो रिकामा होता. ती तिथंच बसली आणि बोटांवर मोजू लागली.

"संपल्या तं आनतो ना," सुखराम म्हणाला. "पोट तं बरं आहे तिचं."

"महिन्याच्या होत्या. सोळा दिसांत संपल्या." शकुन म्हणाली. "मीच देल्ल्या. आत्या आज कुठवरी गेल्या ते सांगू का तुमाले? गोळ्या मंग आना. पहिले डॉक्टरले विचारा."

तिघंही मिळेल त्या गाडीनं भंडाऱ्याला गेली. डॉक्टरनं रक्त तपासायला पाठवलं आणि तोवर एकेक गोष्ट विचारली. पुडी घेता का? नाही, ती बंद होती. तंबाखू? कधी तरी. दिवसातून किती वेळा जेवता?

"सात," शकुन म्हणाली.

"आणि गोळी?"

"तुमीच सांगतलं न, दर जेवनासंगं एक."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "मी तीन जेवणं धरली होती," तो म्हणाला. "तुमची जेवणं किती, हे मी विचारलंच नाही. चूक माझीही आहे."

तपासणीचा कागद आल्यावर त्यानं समजावून सांगितलं. रेवताबाईची किडनी वयानं मंदावली होती. औषध शरीरातून बाहेर पडायला वेळ लागत होता आणि वरून रोज नऊची भर पडत होती. म्हाताऱ्या माणसाला ही गोळी जास्त झाली की डोक्यात गोंधळ होतो, नसलेलं दिसतं. चार दिवस गोळी पूर्ण बंद ठेवायची. तेवढ्यात डोकं निवळेल. जळजळ झाली तर पांढरं पातळ औषध, तेही हे चारच दिवस. मग दिवसाला दोनच गोळ्या, एक सकाळच्या जेवणासोबत, एक झोपताना. पोट दुखलं तरी तिसरी नाही. दुखलं तर इकडे यायचं. गुडघ्याची पुडी कधीच नाही. बहुधा तिनंच ही जखम केली. आणि डांबरासारखी काळी शौचाला झाली किंवा पुन्हा तशी उलटी झाली, तर वाट बघायची नाही, गाडी धरायची.

शकुननं सगळं दोनदा म्हणून दाखवलं.

रेवताबाई पुढं सरकली. तिनं विचारलं, "मंग तो येनार नाई?"

"कोण, बाई?"

"माहा मालक."

डॉक्टरनं उत्तर टाळलं नाही. "नाही येणार," तो म्हणाला.

त्या सहा गोळ्यांची गाठ रेवताबाईच्या पदराला तशीच होती. तिनं ती दाखवली नाही.

पहिल्या सकाळी डोंगा आला. दुसऱ्या सकाळी आला, पण धुकं त्याच्या आरपार दिसत होतं. तिसऱ्या सकाळी डोंगा नव्हता, नुसता बांबू होता, आणि बांबूमागं एक सावली बसलेली. रेवताबाईच्या पोटात जुना निखारा धुगधुगू लागला होता. तिनं गाठ सोडली. तळहातावर सहा गोळ्या मांडल्या. सहाही एकदम घेतल्या तर उद्या तो पुरता दिसेल. कदाचित पुन्हा हात करील. या वेळी शकुन मागं नसेल. हे सगळं तिला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं.

"घेऊ का?" तिनं विचारलं.

सावली काही बोलली नाही.

"घेऊ का, सांग न!"

पाणी स्थिर होतं. आणि मग रेवताबाईच्या मनात आलं: श्यामलाल, आणि गप्प?

श्यामलालला कोणी आपल्या डोंग्यात घेत नसे. त्याच्या बडबडीनं मासे पळतात म्हणत. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना तो अंतरपाटाआडून विचारत होता, तुले पोहता येते का? शेवटल्या दिवशी धाप लागली असतानाही तो सुखरामला सांगत होता की जाळ्याची ती गाठ चुकलेली आहे, उसव आणि पुन्हा बांध. हा माणूस रोज सकाळी येऊन बसला होता आणि एकदाही तोंड उघडलं नव्हतं. तिच्या गुडघ्यांचं विचारलं नाही. सून कशी आहे विचारलं नाही. पाण्यात बोलावलं तेही मुक्यानं.

"तू त्याच्यावानी दिसते," ती सावलीला म्हणाली. "पन तू तो नोहे."

पारीवर पावलं वाजली. शकुन पेजेची वाटी घेऊन आली होती. सासूच्या हातावरच्या गोळ्या पाहून तिनं वाटी खाली ठेवली. रेवताबाईनं हात पुढं केला आणि गोळ्या तिच्या मुठीत ओतल्या.

शकुननं विचारलं, "फेकू का तलावात?"

"नोको. मासोळ्या सपनं पाहत बसतीन. जाळ्यात मंग कोन येईन, तुहा नवरा?"

शकुनला हसू आलं आणि रडूही. रेवताबाई मात्र स्वतःच्याच तोंडाकडे कान लावल्यासारखी थबकली. हे बोलणं तिचं नव्हतं. ते कोणाचं होतं ते तिला ठाऊक होतं.

"बस अठी," ती म्हणाली. "एकदा त्यानं काय केलं सांगते. बपेरा गावाले एका लग्नाले गेलो होतो..."

धुकं वर गेलं. तलावावर शिंगाड्याचे वेल तेवढे उरले, आणि वारा आला तसे ते हलले. शकुननं मधेच वाटी पुढं केली. रेवताबाईनं बोलता बोलता दोन घोट घेतले आणि सवयीनं पदराची गाठ चाचपली. गाठीत काही नव्हतं. तिनं पदर खांद्यावर टाकला आणि नवरदेवाच्या मामाला श्यामलालनं काय ऐकवलं, तिथून गोष्ट पुढं नेली.