लाकडी आईच्या गाठी

संग्रहालयात सगळे तिला 'मांडणीवाली' म्हणत. बाई कामाला वाघ, पण घाई भारी नडायची. 'गावाकडची श्रद्धा' या प्रदर्शनासाठी तिने मावशीच्या गावातून तिथली देवी, लाकडी आई, मागून आणली. हातभर उंचीची मूर्ती आणि अंगभर मळक्या दोऱ्यांच्या गाठी. संचालक म्हणाले, "हा गुंता काढा, कोरीवकाम दिसू दे." झालं! बाईने चिमटा घेऊन त्रेपन्न गाठी सोडवल्या. एक लाल गाठ काही केल्या सुटेना, ती वैतागून कात्रीने कापली.

मग पाटी लिहायला म्हणून गावाने पाठवलेला कागद उघडला. आधी काम, मग वाचन, ही तिची जुनी खोड. माणूस परगावी गेलं की त्याच्या नावाने आईला गाठ बांधायची. परतलं की हाताने सोडायची. मेल्याची खबर आली, तरच कापायची. वाचून तिने कापलेला लाल दोरा कचऱ्यातून शोधून काढला.

दुसऱ्या दिवसापासून मावशीचे फोन सुरू. "अगं, शिंप्याचा भाऊ आला, नऊ वर्षांनी!" मग सुताराची लेक. मग ठावठिकाणा नसलेले दोघे एकदम. गाव आनंदाने वेडं झालं आणि इथे ही प्रत्येक फोनला दचकायची. मावशीचा एकुलता एक मुलगा, हिचा दादा, बारा वर्षांपूर्वी बोटीवर कामाला गेला होता. लाल गाठ कोणाची, हे विचारायची हिची छाती होईना.

दहाव्या दिवशी मावशीच दालनात येऊन उभी राहिली.

"लाल गाठ सोडलीस?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "कापली गं मावशी. सुटेचना. चुकले मी, हवं तर मार मला." आणि ती रडायलाच लागली.

मावशीने तिचे डोळे पुसले. "वेडाबाई, तू नाही मारलंस त्याला. बोट बुडाल्याचं पत्र मला त्याच वर्षी आलं होतं. फाडून टाकलं मी. गाठ ठेवली, म्हणून तर रोज जेवायला यायचा."

"कोण?"

"दादा तुझा. ओल्या कपड्यांनी समोर बसायचा. बोलायचा नाही, पण ताट चाटूनपुसून संपवायचा. दहा दिवस झाले, ताट तसंच राहतंय."

ती मूर्तीपासून दोन पावलं मागे सरली.

"एवढंच सांग," मावशी हळूच म्हणाली. "कापलीस तेव्हा त्याने हाक मारली का गं?"

 कापताना तिने कानात गाणी लावली होती.