पुढे वाजू न दिलेला धडा

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा कॅसेटवाला टेपरेकॉर्डर पाहिलाही नसेल. दोघी बहिणींतल्या थोरलीने मला हौसेने घरी आणले, माझ्याकडून जपानी शिकली आणि शिकवण्याही घेऊ लागली. तेव्हा ती मला मऊ फडक्याने पुसायची. मग वडील अंथरुणाला खिळले, शिकवण्या बंद पडल्या आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. माझी विचारपूस संपली. वडिलांजवळ कोण किती जागले, याचा हिशेब मात्र तिने चोख ठेवला.

धाकटीला जपानमधल्या वृद्धाश्रमात नोकरीची संधी आली, तेव्हा मला खाली उतरवले. मुलाखत दुसऱ्याच दिवशी होती, तीही जपानीतून.

"ताई, तिथल्या आजोबांना 'मदत करते' हे कसं म्हणायचं?"

"'आगेरु' म्हणजे देणं. म्हणून 'तेत्सुदात्ते आगेमासु', मदत देते. पाठ कर आणि बिनधास्त ठोकून दे."

मी आतल्या आत जळलो. कॅसेटवर पुढेच इशारा होता. पण तो येण्याआधी थोरली दर वेळी माझे थांबायचे बटण दाबायची.

"पुढचं ऐकू दे ना!"

"पुढे काही नाही. बाबांची चादर बदल आधी. तू गेलीस की मलाच मरायचंय!"

या वेळी तिने असा तडाखा हाणला की माझी स्प्रिंगच तुटली. मी थांबलोच नाही. कॅसेटमधल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मैत्रिणीला पुस्तक देताना 'आगेरु' चालेल. पण वडीलधाऱ्यांना मदत करताना ते उपकार केल्यासारखं वाटतं. तिथे म्हणा, 'ओतेत्सुदाई शिमासु'."

धाकटी पांढरीफटक पडली. "तुला माहीत होतं!"

"होतं. मग? तू परक्या म्हाताऱ्यांचं करणार आणि घरचा माझ्या गळ्यात?"

"तोंडावर बोलली असतीस तर भांडलो असतो, ताई. हे काय केलंस?"

आतून वडिलांनी पाणी मागितले. धाकटी उठली. पेला त्यांच्या ओठांना लावताना थोरलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ओतेत्सुदाई शिमासु."

थोरलीने माझी वायर उपटली.

धाकटीची निवड झाली. निघताना ती वडिलांच्या पाया पडली, ताईच्या नाही. त्याच आठवड्यात मी भंगाराच्या पोत्यात गेलो.

मित्रांनो, यंत्रांना जपून हाताळा. आणि आपल्या माणसाची वाट अडवायचीच असेल, तर स्वतः आडवे उभे राहा. आमची बटणे दाबू नका.