उजव्या हाताची सुट्टी

तातेरावांचा उजवा खांदा रोज त्यांच्या आधी जागा व्हायचा आणि मग त्यांना उठवायचा. आजही तेच झालं. डाव्या हाताने चहाचा कप उचलत ते बायकोला म्हणाले, "निर्मला, आज त्या डब्यानं काम केलं तर समज माझा हात सुटला."

"आन न्हाई केलं तर?" निर्मलाबाईंनी विचारलं.

तातेरावांनी चहा संपवला.

सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर बावीस वर्षं ते वॉटर-स्कीच्या क्लबची बोट चालवत होते. मागे दोर बांधलेला, दोराच्या टोकाला पायात पट्ट्या घातलेलं एखादं पोरगं, आणि ते पोरगं सहा लाल तरंगत्या गोळ्यांना वळसे घालत जायचं. बघणाऱ्याला वाटायचं, सगळी कमाल त्या पोराची! पण पोरगं वळलं की दोर ताणला जायचा आणि बोट मंदावायची. तेवढ्यात तातेरावांनी रेसचा दांडा केसभर पुढे ढकलायचा आणि लगेच केसभर मागे ओढायचा. वेग ताशी सेहेचाळीस किलोमीटर म्हणजे सेहेचाळीस. तातेराव काट्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, इंजिनाच्या आवाजावरून ओळखायचे. या असल्या लाखो केसभरांनीच त्यांचा खांदा खाल्ला होता. हिंगोलीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हा हात आता थांबवा. पण क्लबच्या केतकीची निवड चाचणी आठ दिवसांवर आली होती, आणि सेहेचाळीस धरून ठेवणारा दुसरा हात साऱ्या धरणावर नव्हता.

म्हणून औंढ्याहून बाबूसिंग आला. एरवी तो ट्रॅक्टरच्या वायरिंगची आणि बोअरच्या स्टार्टरची कामं करायचा. चार दिवस तो बोटीच्या पोटात डोकं घालून बसला. रेसच्या केबलला त्याने एक छोटी मोटार जोडली, सुकाणूच्या चाकासमोर स्क्रीनवाला डबा लावला. बोटीच्या तळाला रुपयाएवढी एक चक्री बसवली. ती पाण्यात फिरणार, डब्याला वेग सांगणार आणि डबा दांडा स्वतःच हलवणार.

नवीन मशीन पूजेशिवाय कसं सुरू करायचं? सकाळी तातेरावांनी नारळ फोडला, स्क्रीनला हळदकुंकू लावलं आणि बोटीच्या नाकाला झेंडूचा हार घातला. निघताना हार काचेवर येऊ लागला, तेव्हा त्यांनी तो काढला, कपाळाला लावला आणि हळूच पाण्यात सोडला. देवाची फुलं कचऱ्यात थोडीच टाकतात!

पहिली फेरी. सेहेचाळीस लागले, तातेरावांनी हात दांड्यावरून उचलला. दोन गोळे झाले असतील नसतील, स्क्रीनवरचा आकडा चाळीसवर घसरला, इंजिन किंचाळलं आणि बोटीने अशी झेप घेतली की मागे केतकीच्या हातातून दोर सुटला. धप्प!

दुसरी फेरी. पुन्हा धप्प.

केतकी पोहत आली, नाकातलं पाणी शिंकरलं आणि बोटीची कड धरून ओरडली, "तात्या, काढून टाका हो ते भंगार! तुमच्या हाताची सर न्हाई त्याला!"

बावीस वर्षं असलं काही ऐकलं की तातेरावांची छाती फुगायची. आज मात्र तेच शब्द खताच्या पोत्यासारखे खांद्यावर पडले.

बाबूसिंगचं तोंड उतरलं होतं. "जुनं इंजिन हाय तात्या. नव्याचे नखरे झेपत न्हाईत त्याला. लावून देऊ का पहिल्यासारखं?"

व्हय म्हणायला फार काही लागत नव्हतं. पुन्हा दांडा धरायचा, उरलेले चार दिवस काढायचे. मग पुढच्या वर्षी दुसरी केतकी. तातेरावांनी हात पुढे केला, आणि खांद्यातून अशी कळ आली की तो अर्ध्यातच थांबला.

"केतकी, तू वर बस. एक फेरी रिकामी मारू दे," ते म्हणाले आणि निघाले. या वेळी त्यांनी डोळे मिटले. बावीस वर्षांचा कान उघडा ठेवला.

"बाबूसिंग, आकडा काय?"

"चाळीस."

"हा चाळीसचा आवाज न्हाई. पंचावन्न हाय. बराबर पंचावन्न!" त्यांनी रेस सोडली. "डबा खोटं बोलून न्हाई राहिला. त्याला खालून कोणी खोटं सांगून राहिलं."

बाबूसिंगने शर्ट काढला आणि बुडी मारली. वर आला तेव्हा त्याच्या मुठीत ओला दोरा होता आणि दोऱ्याला चेंगरलेले तीन झेंडू. चक्रीभोवती गुंडाळलेले. चक्री अडखळत फिरत होती, डब्याला वाटत होतं बोट हळू आहे, आणि बिचारा रेस वाढवत होता.

"हार कोनं टाकला पाण्यात?" बाबूसिंगने विचारलं.

"म्या," तातेराव म्हणाले.

केतकी एवढी हसली की पाण्यात पडता पडता वाचली. "चार दिवस मशीन बसवलं त्यानं, आन तुमी एका नमस्कारात बंद पाडलं!"

"हस पोरी, हस. आता उतर खाली."

चौथी फेरी. सेहेचाळीस लागले. पहिला गोळा. दोर ताणला गेला, तातेरावांचा हात सवयीने दांड्याकडे निघाला आणि दांडा त्याच्या आधीच केसभर पुढे सरकला. मग केसभर मागे. दुसरा गोळा, तिसरा. इंजिन एका सुरात चाललं होतं. सहाही गोळे झाले! मागे केतकी बोंबलत होती, बाबूसिंग स्क्रीनला हात जोडत होता.

तातेरावांनी डाव्या हाताने चाक वळवलं. उजवा हात मांडीवर उताणा पडला होता, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. त्यांना रडू येत नव्हतं, हसूही नव्हतं. फक्त जडशी झोप येत होती.

"तात्या, अजून एक!" केतकी पाण्यातून ओरडली.

बावीस वर्षांत या दोन शब्दांना त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं आणि दर वेळी दात आवळले होते.

"घे," ते म्हणाले. "कितीबी घे."